देवळाच्या पायऱ्यांवर नांगरलेल्या होड्या

"एक तर मी चुकलेय, नाहीतर गेंसाकूकाका चोर आहेत," खुर्चीवर बसायच्या आधीच नोदोका म्हणाली. "यातलं खरं काय, ते मला आज दुपारच्या आत हवंय."

खासगी तपास करणाऱ्या हिराकीबाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला. त्यांचा मदतनीस मिझोबे कान टवकारून बसला. पोलिसातली नोकरी सोडून तो बाईंकडे आला होता. चोर कोण हे आपल्याला ऐकता ऐकताच कळतं, असा त्याचा समज होता. बाईंकडे आल्यापासून तो एकदाही खरा ठरला नव्हता, पण गडी हटायला तयार नव्हता.

नोदोका प्रोग्राम लिहायची. जावास्क्रिप्ट भाषेत तिने एक छोटी लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या कामात जोडता येईल असा तयार प्रोग्राम, बनवली होती. "नकाशावर हद्दी आखलेल्या असतात," ती म्हणाली. "तुम्ही एक बिंदू द्यायचा. तो कोणत्या हद्दीत पडतो, ते ती सांगते. बाकी काही नाही."

तिच्या बंदरातल्या मच्छीमार संस्थेने हिवाळ्यापासून ती वापरायला घेतली होती. प्रत्येक होडीवरचं यंत्र आपल्या ठिकाणाचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, संस्थेला पाठवायचं. वसंतात संस्थेने समुद्रात आवाबी शिंपल्यांची पिल्लं सोडली आणि त्याभोवती बंदीची हद्द आखली. होडी हद्दीत शिरली की पडद्यावर लाल व्हायची. शिंपले चोरीला जाऊ लागले होते आणि लाल होणारी होडी एकच होती, गेंसाकूंची.

"मग सुटलं की प्रकरण!" मिझोबे म्हणाला.

"माझे वडील बुडाले ना, तेव्हा वर्षभर आमच्या दारात मासळी ठेवून जाणारा माणूस आहे तो," नोदोका म्हणाली. "आज सभेत त्यांचा मासेमारीचा हक्क काढून घेणारेत. तेही माझ्या प्रोग्रामच्या भरवशावर."

मिझोबेला आपलं बोलणं गिळावंसं वाटलं.

"सगळ्या होड्या बांधलेल्या असतात त्या वेळचा नकाशा दाखव," बाई म्हणाल्या.

पडद्यावर धक्का दिसला आणि त्याला लागून ओळीने होड्या. दोन मात्र धक्का सोडून पार आग्नेयेला, टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या.

"या गेंसाकूकाकांची आणि संस्थेचे उपाध्यक्ष उशिजिमा यांची," नोदोका ओशाळून म्हणाली. "टेकडीच्या कड्यामुळे आकडे हलत असतील. गावात सगळे हसतात, दोघांना फार भक्ती सुटलीय म्हणून."

"हिवाळ्यातला दाखव."

हिवाळ्यात पायऱ्यांवर एकटे गेंसाकूच होते.

"वा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी छत्री उचलली. मिझोबेला त्यात वा म्हणण्यासारखं काय, ते कळलं नाही. विचारायची लाज वाटली म्हणून त्याने गाडी काढली.

गेंसाकू धक्क्यावर गळाची दोरी गुंडाळत बसले होते.

"काका, मासे कुठे धरता तेवढं सांगा, सुटाल," मिझोबे म्हणाला.

"नाही सांगणार. ती जागा दादाने शोधलेली. मरताना तिचे आकडे त्याने मला एकट्याला दिले. ते सांगून सुटण्यापेक्षा घरी बसेन."

"आकडे बरेच जुने असतील," बाई सहज म्हणाल्या. "यंत्र तेच आहे का?"

"यंत्रं दोन झाली. पण दर वेळी दुकानवाल्याला बजावतो, दादाचे आकडे जसेच्या तसे चालले पाहिजेत. तो करून देतो काहीतरी."

उशिजिमा संस्थेच्या दारातच भेटले. "वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "आम्ही एका वर्गातले. पण नियम तो नियम."

"तुमच्या यंत्रावर भरवसा ठेवता येईल ना? तुमचीही होडी टेकडीवर दिसते."

"नवंकोरं आहे, गेल्या उन्हाळ्यात घेतलेलं. दुकानातून आलं तसंच आहे, एक बटण बदललेलं नाही. त्या पोरीच्या प्रोग्रामलाच विचारा."

सभेला सगळं बंदर लोटलं होतं. अध्यक्ष तोकोनामी यांनी गेंसाकूंचा परवाना टेबलावर ठेवला होता. बाई उभ्या राहिल्या.

"नोदोकाची लायब्ररी चुकलेली नाही आणि गेंसाकू चोर नाहीत," त्या म्हणाल्या. "चुकीचा होता तो तिला दिलेला बिंदू. आपल्या देशाची जमीन मोजायची पद्धत पंचवीसेक वर्षांपूर्वी बदलली. जुन्या मोजणीचे आकडे नव्या नकाशावर टाकले, की जागा चार-साडेचारशे मीटर आग्नेयेला सरकते. दादांचे आकडे जुने. ते जसेच्या तसे चालावेत म्हणून दुकानवाला यंत्रच जुन्या मोजणीवर लावून देतो. म्हणून धक्क्यावरची होडी देवळात दिसते."

"म्हणजे ते खरे हद्दीबाहेर, वायव्येला होते?" तोकोनामींनी विचारलं.

"तपासू. नोदोका, देवळातली होडी धक्क्याला लागेल इतके त्यांचे सगळे बिंदू मागे ओढ. नकाशा कोणाला दाखवू नकोस, तूही बघू नकोस. काकांची जागा त्यांच्यापाशीच राहू दे. लायब्ररीला फक्त विचार, आत की बाहेर?"

कीबोर्ड खडखडला. नोदोकाने मान वर केली. "बाहेर. एकूण एक बाहेर!" आणि ती सगळ्यांसमोर रडू लागली.

मिझोबेच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "अहो बाई, पण देवळात दुसरीही होडी आहे की!"

"आहे ना. यंत्र नवंकोरं, आलं तसंच असलेलं. नवी यंत्रं नव्या मोजणीवरच येतात. हिवाळ्यात ही होडी धक्क्यालाच होती. हद्द आखली आणि ती देवळात गेली, म्हणजे कोणीतरी मुद्दाम बटण दाबलं. त्यानंतर ती हद्दीत असली तरी दिसणार आग्नेयेला, उघड्या समुद्रात. तिचेही बिंदू मागे ओढ, नोदोका."

या वेळी नोदोकाने पडद्यावरून मान वर केली नाही. "आत," ती शेवटी म्हणाली. "कितीतरी वेळा आत."

उशिजिमा खाली बघत होते. "बाहेरचं समुद्रशेवाळ मेलं," ते म्हणाले. "ते खाऊन जगणारे आवाबी उरलेच नाहीत. रोज रिकामी होडी घेऊन घरी जायचं, बायकोने काही न विचारता भात वाढायचा. हिवाळ्यात गेंसाकूची होडी टेकडीवर दिसली, तेव्हा मी दुकानवाल्याकडून कारण काढून घेतलं होतं. पण तो अडकेल, हे डोक्यातच आलं नाही."

"आणि तो अडकल्यावर?" बाईंनी विचारलं.



तोकोनामींनी परवाना पुढे केला. गेंसाकूंनी तो घेतला, खिशात घातला आणि ते उशिजिमांसमोर जाऊन उभे राहिले. आता मुस्काटात बसणार, या धास्तीने मिझोबे अर्धा उठला.

"गाढवा," गेंसाकू म्हणाले. "मला एकदा सांगायचं होतंस. दादाची जागा दाखवली असती की तुला."