सरळ चालणारा माणूस

मिरजेच्या मेंदू-संशोधन केंद्रात पडद्यावर तेरा ठिपके हलले आणि वैजयंती मिराशी ताठ बसली.

"हे आमचे हे," ती म्हणाली.

मेंदूतल्या रक्तस्रावानंतर तिचं पाहणं विस्कटलं होतं. डोळे शाबूत होते, पण चेहरा म्हणजे नुसता रंगांचा लगदा. बसलेला माणूस आणि खुर्ची यांत तिला फरक कळत नसे. माणूस चालू लागला की मात्र लख्ख दिसे. डॉ. शाहीन बारगीरांनी तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, कारण समजावलं. आकार ओळखणारी वाट मेंदूत वेगळी, सजीवांची हालचाल ओळखणारी वेगळी. वैजयंतीची पहिली तुटली होती, दुसरी वाचली होती. म्हणून सांध्यांवर तेरा दिवे लावून अंधारात चालणाऱ्यांचे टिपलेले हे 'बिंदुपट'.

श्रीरंगचा डावा गुडघा जुना दुखरा. दर पावलाला खांदा झुकवत तो चाले आणि तसाच तिला दिसे. एप्रिलमध्ये त्याने गुडघा बदलून घेतला. बरा होऊन फाटकातून सरळ चालत आला, तेव्हा तिने बाजूला होत विचारलं, कोण हवंय आपल्याला?

आवाजावरून तिला कळलं, ती ओशाळली. पण त्यानंतरही घरात वावरणारा माणूस तिला परकाच दिसत राहिला. दर मंगळवारी ती केंद्रात जुना बिंदुपट पाहायला येऊ लागली. शेजारी बसलेल्या श्रीरंगचा हात धरून ती पडद्यावरच्या श्रीरंगकडे पाहत राही.

श्रीरंगने त्या बिंदुपटाची मापं मागून घेतली आणि चार महिने जुनं लंगडणं घोटवलं. नवा सांधा झिजेल म्हणून शल्यविशारद चिडले. तो म्हणाला, "मी शेजारी बसलेला असताना तिला माझी आठवण येते, डॉक्टर."

त्या घोटवलेल्या चालीचा नवा बिंदुपट शाहीननी वैजयंतीला काही न सांगता दाखवला. वैजयंतीने तो दोनदा पाहिला.

"हे ते नव्हेत. त्यांच्यासारखं चालतंय कुणीतरी."

श्रीरंगने मान खाली घातली. शाहीनना हीच धास्ती होती. वाचलेली ती वाट नुसता माणूस ओळखत नाही, त्याचं सोंगही ओळखते.

"दुखतंय त्यांना," वैजयंती पुढे म्हणाली. "तरी थांबत नाहीत." मग ती शेजारी वळली. "अहो, माझ्यासाठी एवढं करणारं दुसरं कोण आहे? सरळ चाला बघू. मी नव्याने शिकेन."

तो दारापाशी गेला आणि सरळ चालत तिच्याकडे आला. तिला एक अनोळखी माणूस येताना दिसत होता. तिने हात पुढे केला.