तिच्या मांडीवरचं बाळ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण मी सुतार आहे. लाकडाबद्दल मी खोटं बोलत नाही.

गुरुवार, १९ जून २०१४. ओमानमधलं रुसैल. भर दुपार.

हो, दुपारच. भुतं रात्रीच निघतात असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्या मालवणाकडे बाराच्या उन्हात पोरांना व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पाठवत नाहीत.

मी तिथे एका गोदामात पेट्या बनवायचो. किमती सामान परदेशी जायचं असलं की मापाची लाकडी पेटी करायची, आत फोम लावायचा, स्क्रू आवळायचे. सुपरवायझर गजेंद्र माझ्याच गावचा. गजादादानेच मला ओमानला आणलं. तो विहिरीत उडी मार म्हणाला असता तर मी मारली असती.

आदल्या आठवड्यात त्याने मला एक बाळ दिलं होतं. लाकडाचं, हातभर, खूप जुनं. पाठीवर मात्र करवतीचा ताजा काप. मी छोटी पेटी केली. ती गेली.

आणि त्या गुरुवारी... ती आली.

युरोपातल्या कुठल्याशा डोंगरी गावच्या चर्चमधली, आमच्या बोलीत इगर्जीतली, आईची मूर्ती. सात-आठशे वर्षांची, असं गजादादा म्हणाला. अक्रोडाचं लाकूड. बसलेली. डावा हात काहीतरी धरल्यासारखा वळलेला...

पण मांडी रिकामी.

तिथेही ताजा काप होता. मी बोट फिरवलं आणि लाकडाच्या रेषा ओळखल्या. बाळाच्या पाठीवर ह्याच रेषा होत्या.

"दादा, हिचा पोर कोणी तोडून काढल्यान?"

"अरे, न्हेताना मोडात म्हणान येगळा केला. पोर फुडे गेला, आवस मागसून जातली. दोघांका त्येंच्याच इगर्जीत परत जोडतले."

"गावच्या रवळनाथाची आण?"

"रवळनाथाची आण."

आमच्याकडे देव हलवायचा तर आधी गाऱ्हाणं घालतात. तुला कुठे नेतोय, कशाला नेतोय, ते देवाला सांगायचं. देव कुणाचा का असेना. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... आवशी, तुजा पोर फुडे गेला हा. तुका त्याच्याकडेच पोचवतंय..."

"होय म्हाराजा!" गजादादा मागून खणखणीत म्हणाला. गाऱ्हाण्याला दुसऱ्या कोणीतरी असा होकार द्यावा लागतो.

मी झाकण लावलं. सोळा स्क्रू आवळले. उन्हाळ्यात तिथे साडेतीनपर्यंत उघड्यावरचं काम बंद असतं, म्हणून ट्रक भरायचा नव्हता. गजादादा जेवायला गेला. गोदामात मी एकटा.

थप...

मी पंखा बंद केला.

थप... थप... थप...

पेटीतून.

हा आवाज मला पाठ होता. माझी उर्वी तेव्हा गावी तीन महिन्यांची होती. बायको, जयवंती, तिला थोपटत थोपटत माझ्याशी फोनवर बोलायची. अगदी तोच आवाज. हलक्या हाताने थोपटल्याचा.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. वाटलं, पोचायच्या आधीच आईने हात तयार ठेवलाय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

साडेतीनला ट्रकवाला अहमद आला. कागदावर लिहिलं होतं, सजावटीचं सामान.

"छोटी पेटी भी वहीं गयी ना?" मी सहज विचारलं.

"छोटा पेटी? वो अलग मुलुक, अलग अर्बाब, अलग मालिक. ये म्यूझियम जाएगा. खलास."

आणि थोपटणं थांबलं.

तिने ऐकलं होतं. कुठल्या भाषेत, ते मला विचारू नका.

मी गजादादाकडे धावलो. "दादा, पेटी उघड! मी तिका शबुद दिलंय!"

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुजा काम पेटी करूचा. तेवढा कर."

ट्रक गेला.

गाऱ्हाण्याशिवाय मी स्क्रू मारणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने आण घेतली. माझा विश्वासघात केला ते एक वेळ मी गिळलं असतं. पण त्याने माझ्याच तोंडून तिला फसवलं.

रविवारी मी नवी पेटी जोडली. रिकामी. आतून आवाज आला...

थप...

दोन महिन्यांत मी ओमान सोडलं.

पुढे चार वर्षं मी तिला मोबाईलवर शोधत होतो. २०१८ साली सापडली. एका परदेशी म्यूझियममध्ये, काचेमागे. खालच्या इंग्रजीचं मोबाईलनेच मराठी करून दिलं. तेराव्या शतकातली मूर्ती. बाळ काही शतकांपूर्वीच हरवलं असावं.

हरवलं? ह्या हातांनी पेटीत घातलंय मी त्याला!

त्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपार. जयवंती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. उर्वी माजघरात एकटी झोपली होती.

थप... थप...

मी दारात गेलो. उर्वी पालथी, गाढ झोपेत. तिच्या पाठीवरचा फ्रॉक दबत होता... सुटत होता... दबत होता...

जवळ कोणी नव्हतं.

मी तिथेच गुडघे टेकले. "आवशी, माजा चुकला. माका फसवल्यानी. ह्या पोर माजा हा, ह्येका न्हेव नको..."

आणि सवयीने थांबलो. कोणीतरी "होय म्हाराजा" म्हणावं म्हणून.

कोणी म्हणालं नाही.

थोपटणं चालूच राहिलं.

गजादादा आता गावातच असतो. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की उठून बाहेर जातो. मी मात्र जाऊ शकत नाही. शब्द मी दिला होता.

उर्वीला आम्ही दुपारी झोपू देत नाही. पण लहान पोर ते. जेवली की पेंगते.