पट्ट्यातलं शेवटचं झाड

ओलांचोच्या डोंगरावर त्या दुपारी ओतिलियाला एकच झाड पाडायचं उरलं होतं. भुंगेऱ्यांनी वरचं पाइनचं रान आतून पोखरून लाल करून टाकलं होतं. खाली गावाच्या झऱ्यावरचं रान तेवढं हिरवं होतं. ते गेलं की झरा आटणार आणि गाव उठणार. म्हणून मधला पन्नास पावलांचा पट्टा, निरोगी झाडांसकट, भुईसपाट करायचा. भुंगेऱ्यांना टेकायला एक उभं खोडही ठेवायचं नाही.

गेल्या वर्षी पलीकडच्या डोंगरावर अशाच पट्ट्यात तिच्या बापाने, कासिल्दोने, एक झाड ठेवलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्या एका झाडावरून भुंगेरे पुढे सरकले आणि अख्खा डोंगर वाळला. त्या खंतीनेच तो गेला. ओतिलियाचा त्याच्यावरचा राग अजून निवला नव्हता.

झाडं तोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या निकानोरकाका रिवाजाप्रमाणे खोडाला कान लावून उभा होता. आत भुंगेरे कुरतडत असले की ऐकू येतं. वारा पडला होता. डिंकाचा उग्र वास घशात बसत होता.

"काय काका, डोळा लागला की काय? घरी काकू झोपू देत नाहीत वाटतं!"

तो हसला नाही. "पोरी... हे राहू दे."

"का म्हणून?"

"आत... कासिल्दो खोकतोय."

ओतिलियाने कान लावला. आधी काहीच नाही. मग तोच कोरडा खोकला, आणि अगदी कानाशी, "ओती... एवढं एक ठेव गं..."

गेल्या वर्षी बापालाही कुणीतरी असंच विनवलं असणार, हे तिला तिथे कळलं, आणि वर्षभराचा राग डोळ्यांवाटे बाहेर पडला.

"चल घरी," काका पुटपुटला. "एका झाडाने काय होतंय?"

"झाडाचं दुःख नाही, काका," ती डोळे पुसत म्हणाली. "पण काळ सोकावतो."

तिने करवतीचं मशीन सुरू केलं. शेंडा मेलेल्या रानाकडे करूनच झाड पाडायचं, हा नियम. तिने तसंच पाडलं. खोड आतून भरीव आणि स्वच्छ निघालं.

भुंगेऱ्यांना पट्टा ओलांडता आला नाही. झरा वाचला. महिन्याभरात पाडलेली सगळी झाडं लाल पडली. ते एक मात्र हिरवंगार होतं, आणि त्याचा शेंडा आता झऱ्याकडे होता.

ओतिलिया घरी जाऊन मशीन घेऊन आली. तुकडे करायला वाकण्याआधी तिने खालची माती नीट पाहिली. ओढल्याची एकही खूण तिथे नव्हती.