टाच हलवायची नाही

भट्टीवाल्याशी भिंगरी पहिलंच वाक्य बोलली, ते खोटं होतं.

"खेळताना हेच मोजे घालता ना?" त्याने विचारलं होतं. रिंकच्या तिकीट-खिडकीमागची चिंचोळी खोली त्याची. आइस हॉकीचे बूट ओव्हनमध्ये गरम करायचे आणि ज्याच्या त्याच्या पायावर नीट बसवून द्यायचे, हे त्याचं काम. म्हणून सगळे खेळाडू त्याला भट्टीवाला म्हणत. भिंगरी हे नाव तिलाही मैत्रिणींनीच दिलेलं, बर्फावर गर्रकन वळायची म्हणून.

तिच्या पायात ताईचे कोरे लोकरी मोजे होते. खेळायचे पातळ मोजे पिशवीच्या तळाशी, आणि त्यातल्या उजव्याला अंगठ्यापाशी चांगलं भोक. ते या माणसासमोर दाखवायचं? तेही इतकं रोखून बघणाऱ्या?

"हो... हेच," ती म्हणाली.

सात-आठ मिनिटांनी त्याने तिचे नवे बूट ओव्हनमधून काढून तिच्या पायांत चढवले, आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तो नाड्या आवळायला लागला. नाडी वर न ओढता, बाजूला, एकेक वेढा.

"आता बूट मऊ आहे. गार होईपर्यंत उठायचं नाही, टाच हलवायची नाही. मग तो फक्त तुमचा. दुसऱ्या कुणाच्या पायाला धड बसणार नाही."

"एवढा एकनिष्ठ?"

"बूट असतात," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

"किती वेळ बसायचं?"

"अं... अर्धा तास."

अर्धा तास हलायचं नाही म्हटल्यावर माणूस बोलणार नाही तर काय करणार? तीन वर्षं ताईच्या जुन्या बुटांवर काढली, हे तिने सांगितलं. प्रत्येक वळणावर टाच उचलली जायची. गेल्या वर्षी निवडीच्या दिवशी त्यामुळेच पडली. आता शनिवारी संध्याकाळी सहा वाजता पुन्हा निवड होती, संघात जागा एकच, आणि यंदा तिची वयोमर्यादा संपत होती. एवढं तिने घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाही पडणार," तो म्हणाला. एवढंच. पण तिला बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं.

पूर्ण एक दिवस बुटांत पाय घालायचा नाही, असं त्याने बजावलं होतं. शुक्रवारी दुपारी ती सरावाला उतरली, पहिलं वळण घेतलं – आणि टाच उचलली गेली. दुसऱ्या वळणालाही तेच. ती बुटांसकट लंगडत त्याच्या दारात आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"तुम्ही म्हणाला होता, नाही पडणार म्हणून."

त्याने तिला बसवलं, टाचेजवळ अंगठा दाबून बघितला आणि बूट काढला. उजव्या मोज्यातून तिचा अंगठा सरळ त्याच्याकडे बघत होता. आता लपवण्यात काही अर्थच नव्हता.

"हे खेळायचे मोजे," ती खाली मान घालून म्हणाली. "काल... लाज वाटली."

"माझी?"

"तुमची नाही तर काय ओव्हनची?"

तो हसला नाही. "म्हणजे बूट बरोबर बसलाय, पण त्या जाड मोज्यांवर. मी रात्रभर तुमच्याच विचारात... आपलं, आत्ता मला वाटलं, माझाच हात चुकला." त्याने मोठा श्वास सोडला. "पुन्हा गरम करता येतं. घड्याळ बघा, पावणेपाच. साडेपाचपर्यंत गार झाले, की उद्या सहापर्यंत एक दिवस भरतो."

तिला एकदम हलकं वाटलं. त्या भोकाच्या मोज्यावरच त्याने बूट चढवला, नाड्या आवळल्या, आणि पुन्हा अर्धा तास दोघं बोलत बसली.

शनिवारी तिची टाच एकदाही हलली नाही. कोचने संघाची यादी वाचली, त्यात शेवटचं नाव तिचं होतं. ताईला फोन करायचा सोडून ती आधी भट्टीवाल्याच्या खोलीकडे धावली.

आत एक धिप्पाड गोलरक्षक काका गरम बुटांत पाय घालून बसले होते. तेवढ्यात टायमर वाजला.

"झालं काका, उठा," भट्टीवाला म्हणाला. "पंधरा मिनिटं पुरतात."

आणि मग त्याला दारातली भिंगरी दिसली.

"पुरतात?" तिने विचारलं.

काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि बूट हातात घेऊन ते गुपचूप बाहेर पडले.

"मोजे तुम्ही लपवलेत," तो चाचरत म्हणाला, "मिनिटं मी. दोन्ही दिवस. पंधरा मिनिटांत तुम्ही उठून गेला असता... आणि मला ते नको होतं. मला तुम्ही आवडता. निवड झाली का?"

"झाली."

तो मटकन स्टुलावर बसला. ती समोरच्या बाकावर बसली आणि तिने पायातले बूट काढून बाजूला ठेवले. उजवा अंगठा बाहेर डोकावत होता, तो तिने झाकला नाही.

"लाव तुझा टायमर," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचा."

त्याने टायमर उचलला, बघितला, आणि न लावताच खणात टाकून दिला.