दुसरीच्या नावाचं कडं

दुपारी चारच्या सुमाराला उंबरदऱ्याच्या बायका डबे घेऊन निघाल्या, की कुणाच्या तरी मुलीचं कडं बोललं, हे शेंबडं पोरगंही सांगायचं. त्या दिवशी डबे गार्गी धुमाळच्या घराकडे चालले होते.

ऋतुकडं म्हणजे मनगटातलं साधं राखाडी कडं. दहावं वर्ष लागलं की प्रत्येक मुलीच्या हातात ते यायचं. घामातली संप्रेरकं वाचून पहिली पाळी कधी येणार, रक्त किती जातंय, अंगात किती उरलंय, सगळं ते कळवायचं. मुलीला नाही हो, आळीला. कुणाही पोरीनं हे एकटीनं सोसायचं नाही, असा गावानं ठरावच केला होता, आणि ठरावाला नावं ठेवायला जागा नव्हती. सूचना आली की पाच बायका जायच्या, मुलीची आई दारात त्यांच्या पायांवर पाणी घालायची, मग लाडू, गाणी, थट्टामस्करी. आई नसेल तर पाणी कुणी घालायचं, ते मात्र ठरावात लिहायचं राहून गेलं होतं.

समोरच्या घरातल्या तेरा वर्षांच्या तन्वी सुतारची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात वडील आणि आजोबा. बायका रिकाम्या स्वयंपाकघरात बसून हळहळणार, हे तिला नको होतं. म्हणून तिनं उन्हाळ्यात आपलं कडं गार्गीच्या कड्याशी गुपचूप बदललं. गार्गीची पाळी अजून लांब होती, लाडू मात्र मिळणार होते, तिची कसली हरकत? पुढे तन्वीला पाळी आली आणि डबे गार्गीकडे गेले, तेव्हा दोघी हसून हसून लोळल्या होत्या.

आता हसू येत नव्हतं. तन्वीला सलग एकोणीस दिवस रक्त जात होतं. उठून उभं राहिलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तिच्या हातातलं कडं इमानेइतबारे सूचना धाडत होतं, गार्गीच्या नावानं. गार्गीला बीट, खजूर, डोक्याला तेल. खरं सांगितलं तर दोघींचीही शोभा होणार, म्हणून गार्गी गप्प. तन्वी आपल्या ओट्यावरून ते सगळं बघत होती. इतकं एकटं तिला आईच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

साडेचारला गावच्या आरोग्यसेविका, आशाताई संजीवनी ढोबळे घाईघाईनं आल्या. कड्यानं तातडीची सूचना दिली होती, आजच तालुक्याला नेऊन रक्त चढवा. तिथून गाडी निघालीही होती. गार्गीची आई रडत रडत पिशवी भरत होती. संजीवनीताईंनी निव्वळ सवयीनं गार्गीची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालचुटूक, रक्त कमी झाल्याची खूणच नाही. त्यांनी दुसरा डोळा पाहिला. कडं कधी चुकत नाही, असं बायका म्हणाल्या. नाहीच चुकत, असं म्हणून ताई गार्गीकडे बघत राहिल्या. गार्गीनं समोरच्या ओट्याकडे पाहिलं आणि हुंदके देत सगळं सांगून टाकलं.

ताई रस्ता ओलांडून तन्वीजवळ जाऊन बसल्या. पापणी बघायची गरजच नव्हती, पोरगी पांढरीफटक पडली होती. मागोमाग बायकाही आल्या.

"तुला काय होतंय बाळा? कड्याचं राहू दे, तू सांग."

तन्वीनं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं, केव्हापासून सांगायचं होतं. पण रक्त येतं ते कुठून, का, त्या जागेला म्हणायचं तरी काय, हे तिच्याशी कुणी कधी बोललंच नव्हतं. कडं होतं ना सगळं बघायला.

"ते... तिथं..." एवढंच तिला जमलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ताईंनी बायकांकडे पाहिलं. एकेकीची नजर खाली गेली. सात वर्षं ताई घरोघरी कडी वाटत फिरल्या होत्या, आणि एकाही मुलीला समोर बसवून त्यांनी ते शब्द उच्चारले नव्हते. गाडी यायला वीस मिनिटं होती. तालुक्याला डॉक्टर हिलाच विचारणार होते. ताईंनी तन्वीचा गार हात हातात घेतला. वीस मिनिटांत कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची?