जास्तीचं कुलूप

अप्रेंटिस माणूस कारखान्यात सगळ्यात आधी उभं राहायला शिकतो. कॉलेजात आम्ही सगळं बसून शिकलो होतो, त्यामुळे ही विद्या मला नवी होती. भिंतीला टेकायचं नाही, खिशात हात घालायचा नाही आणि आपण काहीतरी समजून घेतोय असा भाव चेहऱ्यावर ठेवायचा. वर्ष संपत आलं तेव्हा मला डोळे उघडे ठेवून डुलकी काढता येऊ लागली होती. कायम नोकरीसाठी याहून वेगळी पात्रता कोणती लागते, ते मला अजून कळलेलं नाही.

पण कायम व्हायचं होतं. वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि आई फोनवर दर वेळी एवढंच विचारायची, "मग, काय म्हणतात तुझे साहेब?" साहेब काहीच म्हणत नसत. ते प्रेस विभागाचे मॅनेजर. माझ्या कागदावर त्यांचा शेरा पडायचा होता, आणि तो पडेपर्यंत आमच्या घरादाराचा जीव टांगणीला लागलेला होता.

प्रेस म्हणजे दुमजली घराएवढं एक धूड. वरून पोलादाचा ठोकळा खाली यायचा आणि सपाट पत्र्याचा मोटारीचा दरवाजा होऊन बाहेर पडायचा. प्रत्येक ठोक्याला जमीन हलायची आणि आपल्या दाढा एकमेकींवर आपटायच्या. हळूहळू त्याचीही सवय होते. सुट्टीच्या दिवशी दाढा वाजल्या नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

दुरुस्तीसाठी प्रेस बंद केली की माणसं तिच्या खालच्या खड्ड्यात उतरत. त्याआधी एक रिवाज होता आणि तो साहेबालासुद्धा चुकत नसे. मुख्य स्विचला भोकं पाडलेली एक लोखंडी पट्टी होती. आत जाणाऱ्यानं तिच्यात आपलं कुलूप अडकवायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर आपलं कुलूप आपणच काढायचं. पट्टीवर एक जरी कुलूप उरलं तरी स्विच वर जात नसे. कामगारांची कुलपं लाल, आम्हा अप्रेंटिस लोकांची पिवळी. ओळख पटावी म्हणून जो तो त्यावर टोच्यानं खूण कोरायचा. माझ्या कुलपावर फुली होती. कल्पनाशक्तीची कमाल.

त्या दिवशी दुपारी काम आटोपलं. सगळे वर आले, आपापली कुलपं काढून चहाकडे वळले. फोरमन स्विच वर करायला गेले आणि तिथेच थांबले.

पट्टीवर एक पिवळं कुलूप लटकत होतं.

"कोण राहिलं रे आत?" फोरमननी खड्ड्यात तोंड घालून हाक मारली. आतून त्यांचाच आवाज परत आला.

आम्हा अप्रेंटिस लोकांना ओळीत उभं केलं. उभं राहण्यात आमचा हातखंडा होताच. प्रत्येकानं आपलं कुलूप आणि किल्ली काढून दाखवली. कुणीच कमी नव्हतं. स्टोअरवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, जेवढी पोरं तेवढीच कुलपं दिलीत, उगाच माझ्या माथी मारू नका.

त्या कुलपावर खूण होती ती फोरमनचं चित्र. झुपकेदार मिशा, नाकावर घसरलेला चष्मा, एक भुवई वर. इतकं हुबेहूब, की वेल्डर फिसकन हसला. मग आम्ही सगळेच हसलो. फोरमन हसले नाहीत. "ज्यानं काढलंय त्यानं मला रोज बघितलंय," ते हळूच म्हणाले.

साहेब आले. त्यांनी घड्याळ बघितलं, कुलूप बघितलं आणि मग मी समोरच उभा होतो म्हणून मला बघितलं. "तू जा. आत नीट बघून ये."

मी पट्टीवर माझं कुलूप अडकवलं आणि शिडीनं खाली उतरलो.

खाली तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता. बॅटरीचा उजेड पडेल तेवढंच जग. मी कोपरा न् कोपरा बघितला, खांबांमागे बघितलं, पाइपांच्या मागे हात घालून चाचपलं. कुणी नव्हतं. परत फिरताना एक नट ढिला दिसला. वर्षभराच्या सवयीनं मी गुडघ्यावर बसलो, डोळे नटावर ठेवून हात मागे केला आणि म्हणालो, "पाना दे."

हातात पाना आला.

मी नट आवळला. चांगला घट्ट आवळला. पाना मागे दिला, तो कुणीतरी घेतला, आणि मी शिडीच्या पायथ्याशी येईपर्यंत मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मग मात्र मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. वर आलो. माझं कुलूप काढून खिशात टाकलं.

"काय?" साहेब म्हणाले.

"कुणी दिसलं नाही."

"मग झालं तर. कापा ते."

वेल्डर कटर घेऊन आला. आता गप्प बसलो असतो तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण माझा पंजा अजून पान्याच्या वजनानं जड वाटत होता.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "आत कुणीतरी आहे. मला पाना दिला त्यानं."

वेल्डरनं कटर खाली ठेवला. फोरमननी माझ्याकडे बघितलं, आपलं कुलूप अडकवलं आणि ते स्वतः उतरले. बराच वेळ गेला. वर आले तेव्हा त्यांनी आपलं कुलूप काढलं, चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला.

"नाही कुणी," ते म्हणाले. "पण कापू नका."

"म्हणजे काय?" साहेबांचा आवाज चढला. "कुणी नाही, पण कापू नका? देवळात आलोय का आपण?"

साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा स्वर एकदम मऊ झाला, आणि मला तोच जास्त बोचला. "हे बघ, तुझा शेरा मी आजच लिहिणार आहे. आत माणूस आहे म्हणतोस ना? मग कोण आहे ते सांग. नाव सांग. या क्षणी काम थांबवतो."

मी तोंड उघडलं.

नाव जिभेवर होतं. अगदी जिभेवर. रोज हाक मारून गुळगुळीत झालेलं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सांग ना."

मला नुसता श्वास सोडता आला.

साहेबांनी वेल्डरला खूण केली. ठिणग्या उडाल्या. कुलूप दोन तुकडे होऊन खाली पडलं, फोरमनच्या मिशा एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

स्विच वर गेला.

ठोकळा खाली आला. जमीन हलली. दरवाजा बाहेर पडला, नेहमीसारखा, गुळगुळीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. साहेबांनी त्यावरून हात फिरवला आणि ते चहाला गेले.

शेरा चांगला पडला. 'सूचना पाळतो,' असं काहीसं होतं. मी कायम झालो. फोरमननी त्याच आठवड्यात दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. कुणी कारण विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचे.

सुट्टी मिळाल्यावर मी घरी गेलो. वडील उशाला टेकून बसले आणि माझ्याकडे बघून हसले, तेव्हा शिणवटा जरा उतरल्यासारखा वाटला. आईनं कपाटातून स्वेटर काढला. थंडीभर ती माझ्यासाठी विणत बसली होती. मी घातला, तो नेमका बसला.

"थांब," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक काढला. त्याच लोकरीचा, त्याच विणीचा, पण खांद्यात चांगला रुंद आणि बाह्यांना लांब.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"असं काय विचारतोस, हा तर..." ती म्हणाली आणि थांबली.

तिनं स्वेटर उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. वडिलांनी मान दुसरीकडे वळवली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"खांद्यावर वीत लावून माप घेतलं होतं मी," आई म्हणाली. तिची बोटं रिकाम्या खांद्यावरून फिरत होती. "सारखा हलत होता. गुदगुल्या होतात म्हणे."