चोचीत माशी, पिल्लं उपाशी

"ही बोटसुद्धा गेली तर मी समुद्रात उडी मारीन," दादा म्हणाला.

"मार," त्याची धाकटी बहीण म्हणाली, "पण आधी पाकीट इकडे दे. तिकिटं त्यात आहेत."

घरात तिला सगळे वकील म्हणत, ते काही उगाच नाही.

दादाने पाकीटही दिलं नाही आणि उडीही मारली नाही. तो धक्क्याच्या कठड्याला रेलून नुसता दात खात राहिला. समोर फेरीबोटीची फळी खडखडत वर गेली, दोर सुटले, पाणी ढवळून फेसाळलं आणि बोट त्यांना न घेताच पलीकडच्या काठाकडे निघाली.

पलीकडच्या काठावर टगबोट उभी होती. ठेंगणी, दांडगी, डोंगराएवढ्या जहाजांना दोर लावून बंदरात ओढून आणणारी. तिचं इंजिनघर लोकांना वर्षातून एकदाच बघू देत, आणि ते आज, फक्त दुपारपर्यंत. या सुट्टीत मावशीकडे यायला दादा कबूल झाला होता तो तेवढ्यासाठी. आणि मावशीने काय करावं? निघताना किडूकचा हात त्याच्या हातात दिला. "हिलाही ने रे. घरात बसून मुंग्या मोजत असते."

किडूक म्हणजे मावशीची लेक, आठ वर्षांची. तिच्या फ्रॉकच्या खिशात पिसं, शिंपले आणि खेकड्याची एक वाळलेली नांगी. तिला घेऊन रस्ता कापायचा म्हणजे मोठं दिव्य. मासळीबाजारात तिने प्रत्येक मांजराची विचारपूस केली. दोरखंडांच्या दुकानात वेटोळ्यांवर जाळं विणणाऱ्या इवल्याशा कोळ्यासमोर ती मांडी घालून बसली, तेव्हा दुकानदाराने तिला प्यायला पाणी आणून दिलं, इतका वेळ. आणि धक्क्यावर पोचल्यावर, बोट समोर उभी असताना, ती फरशीवर बसली ती बसलीच.

"मी नाही येणार. त्या दोघींचं काहीतरी बिनसलंय."

त्या दोघी म्हणजे दिव्याच्या तारेवर बसलेल्या दोन पाकोळ्या. निळ्याकाळ्या पाठीच्या, शेपटीला कात्रीसारखी दोन टोकं असलेल्या.

"बघ ना, चोचीत माशा धरून बसल्यात. खात नाहीत, गिळत नाहीत. बोट आली की आत शिरतात आणि तोच घास घेऊन परत येतात." मग ती आपल्याच तंद्रीत गुणगुणू लागली, "चोचीत माशी, पिल्लं उपाशी. चोचीत माशी, पिल्लं उपाशी."

"गाणं बंद कर," दादा म्हणाला. पण ते त्याच्याही डोक्यात शिरलं होतं, आणि तेच त्याला जास्त झोंबत होतं.

पुढची बोट लागली तशी दादाने किडूकला दंडाला धरून उठवलं. "चल. आत जाऊन बघू तुझ्या पाकोळ्या कुठे जातात ते. बघून झालं की गुपचूप बाकावर बसायचं."

उतारू उतरून गेले होते. बसायच्या दालनात लाकडी बाकांच्या ओळी आणि ओल्या लोखंडाचा वास. तिघं दारात थबकली, कारण दोन्ही पाकोळ्या त्यांच्या डोक्यावरून सुर्रकन आत शिरल्या. थेट मागच्या भिंतीशी, छताच्या जरा खाली. तिथे दोन लोखंडी खुंट्या होत्या, रिकाम्या. पाकोळ्या त्या खुंट्यांच्या वर पंख फडफडवत हवेत लटकल्या, एकदा डावीकडून गेल्या, एकदा उजवीकडून, आणि घास तसाच घेऊन बाहेर पडल्या.

"इथे त्यांचं घर होतं," किडूक हळूच म्हणाली.

"हवेत?" वकील म्हणाली. "मातीचा एक कण नाही भिंतीवर. पाडलं असतं तर डाग राहिला असता."

दादाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो दारालगतचा कठडा बघत होता. काल संध्याकाळी मावशीबरोबर फेरीबोटीतून ते फेरफटका मारून आले होते, आणि अशाच कठड्यावर बसला म्हणून कप्तान त्याच्यावर खेकसले होते. बसताना खालचा जाडजूड सांधा टोचला होता. आज कठडा सरळ, गुळगुळीत.

"ही कालची बोट नाहीये," तो म्हणाला. "रंग तोच, बाकं तीच. पण कालच्या कठड्याला जोड होता."

धक्क्यावर, दारासमोरच्या खिडकीतून तिकीटबाईंनी मान हलवली. "खरंय. कालची आज पहाटेच गोदीत गेली, रंगवायला. ही तिची जुळी. पण तुम्हाला कसं कळलं? आमच्या मोठ्या साहेबांनासुद्धा ओळखू येत नाही."

म्हणजे घरटं गोदीत आणि आई-बाप धक्क्यावर! किडूकचा चेहरा एवढासा झाला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला दादा पुढे 'खिडकी खिडकी' म्हणायचा. तिकीटबाई म्हणाल्या, पक्ष्यांचं आमच्याकडे नसतं, चौकशीच्या खिडकीवर विचारा. चौकशीवाले म्हणाले, गोदीत विचारा. गोदी धक्क्याच्या टोकालाच होती, तिथला पहारेकरी म्हणाला, "लहान मुलांना आत सोडत नाही. कप्तानांना विचारा." आणि कप्तान चहाचा पेला खाली न ठेवता म्हणाले, "बाळांनो, मी बोट चालवतो. कोंबड्या पाळत नाही."

"पाकोळ्या," किडूक म्हणाली.

"त्याही पाळत नाही."

तोवर दालन उतारूंनी भरत आलं होतं. ऊन डोक्यावर चढत होतं, आणि पलीकडे टगबोटीसमोरची रांग इथूनही दिसत होती. दादाला वाटलं, सरळ बाकावर बसावं आणि पलीकडे जावं. त्याने किडूककडे पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला ओरडता तरी आलं असतं. ती नुसती तारेकडे बघत होती.

"त्या खुंट्यांना काय अडकवलेलं असतं?" तो वैतागून म्हणाला. "घरटं भिंतीवर नव्हतं, तर कशावर होतं?"

वकील बाकावर चढली. खुंट्यांच्या मध्ये भिंतीवर पुसटसं तांबडं अधिकचिन्ह रंगवलेलं होतं. ती खाली उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. घरात असे डोळे चमकले की मोठी माणसं पटकन उठून दुसऱ्या खोलीत जायची.

"दादा, पक्ष्यांचं नाव काढायचं नाही. अजिबात नाही."

ती कप्तानांसमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी गोड, पण दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, माझ्या भावाला बोट लागते. उलटी होते, चक्कर येते, एकदा तर कपाळ फुटलं होतं. या बोटीवर प्रथमोपचाराची पेटी कुठे असते?"

दादाला आयुष्यात कधी बोट लागली नव्हती. पण त्याने कपाळाला हात लावला.

"ती काय," कप्तानांनी न बघताच भिंतीकडे बोट केलं. सगळ्या दालनाने माना वळवल्या. दोन खुंट्या, मध्ये काही नाही.

"पेटी नाही?" एक आजोबा म्हणाले. "अहो, माझं हृदयाचं दुखणं आहे."

"पेटीशिवाय बोट सोडताच येत नाही. नियमच आहे तसा," मागून कोणीतरी म्हणालं.

कप्तानांनी खलाशाकडे बघितलं, खलाशाने कप्तानांकडे. "मला वाटलं तुम्ही आणलीत," दोघं एकदमच म्हणाले. वकील शांतपणे नखं बघत राहिली.

उतारू आता उठून उभे राहिले होते. खलाशाला फळीपाशी थांबणं भाग होतं. कप्तानांनी घाईघाईने गोदीत फोन लावला आणि मग त्यांची नजर दादावर पडली. "ए, तू. पळत जा आणि पेटी घेऊन ये. पहारेकऱ्याला सांगितलंय."

दादा निघाला, त्याच्या मागोमाग किडूकही. गोदीत कालची बोट उतरणीवर ओढून ठेवली होती. पाण्याबाहेर ती उगाचच मोठी आणि केविलवाणी दिसत होती. आत रंगारी खरवडणी घेऊन भिंती घासत होता, आणि घासत घासत मागच्या भिंतीपाशी पोचला होता. पेटी तिथेच होती. पत्र्याची, समोरून झाकण असलेली, आणि तिच्या माथ्यावर, छताखालच्या फटीत, ओल्या मातीच्या गोळ्या एकावर एक लावून केलेली वाटी.

"ही का?" रंगारी म्हणाला. "थांब, वरचा चिखल उडवून देतो." त्याने खरवडणी उचलली.

किडूकने दादाला पुढे ढकललं. दादा पेटी आणि खरवडणीच्या मधे घुसला. "कप्तानांनी जशीच्या तशी मागितलीय. चिखलासकट. बोट अडलीय, लोक चिडलेत, तुम्ही उडवा आणि मग तुम्हीच येऊन सांगा."

रंगाऱ्याने खरवडणी खाली ठेवली. त्याने आणि दादाने मिळून पेटी अलगद खुंट्यांवरून उतरवली. वाटीत चार पिल्लं होती, पिसांचे पुंजके. चोची मिटलेल्या. आवाज नाही. किडूकने आपल्या फुंकरीने त्यांच्यावरची रंगाची पूड उडवली, तेव्हा एकाने मान जराशी हलवली. बास, तेवढंच.

दादाने पेटी छातीशी धरली आणि चालू लागला. कप्तान धक्क्यावरून हात हलवून 'पळ, पळ' म्हणत होते. दादा पळाला नाही. पाण्याने भरलेली घागर न्यावी तसा एकेक पाऊल टाकत गेला.

"हे काय?" बोटीवर कप्तानांनी डोळे वटारले. "ही घाण कसली वर?" त्यांनी हात पुढे केला.

वकील त्यांच्या कानाशी गेली. "काका, एवढं घरटं बांधायला, अंडी उबवायला किती दिवस लागत असतील? तेवढे दिवस ही पेटी कोणी साफसुद्धा केली नाही, असं या आजोबांना सांगू का?"

कप्तानांचा हात हवेतच थांबला. मग त्याच हाताने त्यांनी पेटी घेतली आणि अगदी जपून खुंट्यांवर अडकवली. नेमकी बसली. जुळ्या बोटीची जुळी जागा.

आणि मग कप्तानांनी घसा खाकरला. "मंडळी, या मुलांकडे बघा. काय दक्षता! आपल्या सुरक्षिततेची एवढी काळजी..." उतारूंनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळे पेटीभोवती गोळा झाले, मोबाइल बाहेर निघाले, माना उंचावल्या. पक्ष्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

दारात पाकोळ्या आल्या. गर्दी बघून मागे वळल्या. पुन्हा आल्या. पुन्हा वळल्या.

"आणि म्हणूनच मी म्हणतो, आजची पिढी..." कप्तान रंगात आले होते. घरट्यात एकही चोच उघडत नव्हती. किडूकने दादाची बाही घट्ट पकडली.

सकाळपासूनचा सगळा वैताग दादाने बाहेर काढला. "पुरे!" तो ओरडला. "काका, भाषण पुरे. टाळ्या पुरे. सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवा आणि पाठ फिरवा. सगळ्यांनी. तुम्हीसुद्धा. कोणीही बघायचं नाही."

मोबाइल खाली गेले. आधी आजोबा वळले. मग बाकीचे. कप्तानही वळले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे हात मागे बांधून. किडूक सगळ्यात शेवटी वळली, आणि तिने तर डोळेही मिटून घेतले. अख्ख्या बोटीतली माणसं समुद्राकडे तोंड करून उभी.

पाणी हळूहळू धक्क्यावर आपटत होतं. दादाच्या कानाजवळून वाऱ्याचा एक बारीक झोत गेला. लगोलग दुसरा.

आणि मग सगळ्यांच्या पाठीमागे, आधी एक, मग दोन, मग चारही गळे एकदम फुटले. किती ती भांडाभांडी, किती तो कलकलाट. एवढ्याशा पिसांत एवढा आवाज कुठे मावला होता कोण जाणे.

कोणीही मागे वळून पाहिलं नाही.